पटवास : वाळ्याच्या पिशवीची कुळकथा



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, भरतकामाचे नमुने येतात. यंदा संपादक-भगिनींनी मला शिवणाविषयी चार शब्द लिहावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; तेव्हा विद्वत्तेचे लिहिणे माझ्या हातून होणार नाही. परंतु आपल्या आई-आजींच्या पेटीत हमखास असणाऱ्या एका लहानशा वस्तूचा इतिहास सांगावा असे मनात आले. ती वस्तू म्हणजे वाळ्याची पिशवी.

जुन्या धोतराचा वीतभर तुकडा, त्यात मूठभर वाळा, आणि चारी बाजूंनी टीप. एवढ्याशा चिंधीला कसला आला इतिहास, असे कोणी म्हणेल. पण तिचे कूळ फार जुने आहे.

कपडे सुवासिक करणाऱ्या चूर्णाला संस्कृतात 'पटवास' म्हणतात. पट म्हणजे वस्त्र व वास म्हणजे सुगंध. सहाव्या शतकातील वराहमिहिर ज्योतिषी म्हणून आपणांस ठाऊक असतो. पण त्याच्या बृहत्संहितेत सुगंध कसे तयार करावेत याचे 'गंधयुक्ति' नावाचे प्रकरण आहे. आमच्या शेजारी संस्कृत शिकविणाऱ्या एक निवृत्त बाई राहतात. त्यांनी त्यातील पटवासाची कृती मला वाचून समजावली. दालचिनी, वाळा आणि तमालपत्र सारख्या भागाने घ्यावे, वेलची निम्म्याने घ्यावी, सर्वांचे बारीक चूर्ण करावे आणि त्यास कस्तुरी व कापराची जोड द्यावी. ऐकून मला मोठे नवल वाटले. कस्तुरी सोडली तर यातील सारे जिन्नस आपल्या मसाल्याच्या डब्यात, देवघरात, नाहीतर काष्टौषधीच्या दुकानात मिळतात!

वाळ्याला संस्कृतात उशीर म्हणतात व उत्तरेकडे खस. कालिदासाच्या शाकुंतलात शकुंतलेच्या अंगाचा दाह शमविण्यासाठी वाळ्याचा लेप नेला जातो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाची वस्त्रे, उटणी, धूप यांची सविस्तर वर्णने आहेत. पुढे अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त वाळ्याच्या ताट्यांविषयी लिहिले. त्यांवर पाणी शिंपडले की ऐन उन्हाळ्यात थंडी वाटे.

आपल्या सुवासाने समुद्रही ओलांडला. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली जहाजाने विलायतेस व फ्रान्सला जात. वाटेत त्यांना कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये पॅचौलीची वाळलेली पाने घालीत. आपण वेणीत जी पाच गुंफतो, तिच्याच कुळातील ही वनस्पती. तिकडच्या स्त्रियांना त्या वासाची इतकी सवय झाली की, वास नसेल ती शाल अस्सल नव्हे असे त्या समजू लागल्या. मग तिकडचे विणकर नकली शालींनाही तोच वास लावू लागले!

मग ही पिशवी आपल्या पेटीतून गेली कशी? तर डांबराच्या गोळीमुळे. १८२० च्या सुमारास दगडी कोळशाच्या डांबरातून नॅफ्थलीन हा पदार्थ प्रथम वेगळा काढण्यात आला. पुढे त्याच्या गोळ्या घरोघर पोहोचल्या. स्वस्त वस्तू, शिवण्याची खटपट नाही, कसर तर खात्रीने मरते. गृहिणीला आणखी काय हवे?

परंतु या सोयीची दुसरी बाजू आहे, आणि तीच सांगण्यासाठी मी हा लेख लिहिला. मागील वर्षी मुलीचे पहिले बाळंतपण आमच्याकडे झाले. झबली-टोपडी शिवून तयार होती. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावले, "बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्यांत डांबराच्या गोळ्या मुळीच ठेवू नका." कारण विचारले तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. काही माणसांच्या रक्तात जी सिक्स पी डी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. हा दोष १९५६ साली उजेडात आला. अशा तान्ह्या बाळाला नॅफ्थलीनचा वास लागलेले कपडे घातले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात व तीव्र कावीळ होऊन जिवावर बेतते. बाळाला हा दोष आहे की नाही, हे तपासल्यावाचून कळत नाही. युरोपीय देशांच्या संघाने २००८ साली या गोळ्यांवर बंदी घातली.

बाळाच्या कपड्यांत कापूरही नको. ते धुवून, कडक उन्हात वाळवून नुसतेच ठेवावेत. बाकीच्या कपड्यांसाठी मात्र आजीची पिशवी पुन्हा शिवावी.

कृती सोपी आहे. जुन्या मऊ सुती कापडाचा वीतभर लांब व अर्धी वीत रुंद तुकडा घ्यावा. सुलट बाजू आत ठेवून मधोमध दुमडावा, दोन बाजूंना बारीक टीप घालावी व पिशवी उलटवावी. उन्हात खडखडीत वाळविलेला वाळा कात्रीने बारीक कापून, त्यात थोडा नागरमोथा, कपूरकाचरी व दालचिनीचा तुकडा कुटून भरावा. तोंड आत दुमडून हातशिलाईने बंद करावे. वास मंदावला की पिशवी हाताने चुरावी, आणि वर्षाने आतील जिन्नस बदलावेत. वाळ्याने कसर दूर राहते, पण मरत नाही. म्हणून रेशमी व लोकरीचे कपडे मधून मधून वारा-उन्हाला काढणे चुकवू नये.

राजांचे सुगंध ग्रंथांतून राहिले. पिशव्या शिवणाऱ्या बायकांची नावे मात्र कोणी लिहिली नाहीत. त्यांची विद्या आईकडून लेकीकडे हातोहात आली. मंडळाच्या पुढील शिवणवर्गात आपण सर्वजणी मिळून अशा पिशव्या शिवू या, आणि ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्या भगिनींना डांबराच्या गोळीची गोष्ट आवर्जून सांगू या.