बोट उचललं की सूर थांबला पाहिजे

कुठलंही पट्ट्यांचं वाद्य घ्या, त्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. पट्टी दाबल्यावर सूर नेमका कधी सुरू होतो? आणि बोट उचलल्यावर तो कधी संपतो? गवयाचं अर्धं सुखदुःख या दोन प्रश्नांच्या उत्तरात असतं. आज आपण दुकानातून डिजिटल कीबोर्ड आणतो, त्यावर 'टच' आणि 'सस्टेन' अशी दोन बटणं असतात आणि ती काय करतात हे न बघताच भजनाला बसतो. त्या बटणांच्या मागे पावणेदोनशे वर्षांहून जास्त इतिहास उभा आहे, म्हणून हा विषय.

पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यांनी १८४२ मध्ये 'हार्मोनियम' या नावाचं पेटंट घेतलं. ते वाद्य पायांनी भाता मारून वाजवायचं होतं. आपल्याकडे माणूस जमिनीवर बसून गातो. खुर्चीवरचं वाद्य त्याच्या काय कामाचं? कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता मारायची पेटी घडवली आणि ती देशभर गेली. तिची रचना साधी आहे. पट्टी दाबली की मागची चामडं लावलेली झडप उघडते, भात्यातली हवा पितळी सुरातून जाते, सूर बोलतो. बोट उचललं की स्प्रिंग झडप मिटते, सूर गप्प. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच; कमीजास्त करायचं ते भात्याने. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मराठी रंगभूमीला मात्र पेटीची थोरली बहीण जास्त भावली. ती म्हणजे पायाचा ऑर्गन. अमेरिकेतल्या मेसन अँड हॅमलिन, एस्टी यांसारख्या कारखान्यांतले हे ऑर्गन हवा ढकलत नाहीत, आत ओढून घेतात. त्यामुळे सुराला टोक येत नाही, तो मऊ आणि भरीव लागतो. गोविंदराव टेंबे मुळात पेटीवाले. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. पुढे गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला अशी साथ बसली आणि बालगंधर्वांचा आवाज त्या साथीत तरंगू लागला. सारंगी मींड घेते, ते ऑर्गनला जमत नाही. ऑर्गन आधार धरून ठेवतो, ते सारंगीला तसं जमत नाही. ही वाटणी त्या काळच्या कानांनी केली, कुणा पंडिताने नव्हे.

पंडितांनी केलं ते वेगळंच. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. लायोनेल फील्डन तेव्हा रेडिओचे प्रमुख होते. पेटीचे सूर ठोकळ्यासारखे पक्के, श्रुती हलत नाहीत, मींड येत नाही, हा आक्षेप. रवींद्रनाथांनाही ती खपत नसे. आक्षेपात तथ्य होतं, हे मी नाकारत नाही. पण उपाय असा की गावोगावच्या देवळांत, दर्ग्यांत, तमाशाच्या फडात जे वाद्य रोज वाजत होतं, ते रेडिओपुरतं अस्तित्वातच नव्हतं. पुण्याचं केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं, तेही याच बंदीत. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा हाडाचा पेटीवाला आकाशवाणीच्या नोकरीत होता, आणि स्टुडिओत पेटीला मज्जाव! १९७१ मध्ये बंदी सैल झाली, तीही आधी निवडक कलाकारांच्या साथीपुरती. एकतीस वर्षं एका वाद्याला हवेवर जागा नव्हती.

तोवर तिकडे अमेरिकेत भाता जाऊन वीज आली होती. १९३५ मध्ये हॅमंड ऑर्गन बाजारात आला. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली विजेचे नऊ संपर्क, आणि ते सगळे एका क्षणी जुळत नाहीत. म्हणून सूर निघताना 'टक्' असा बारीक आवाज होई. लॉरेन्स हॅमंड यांना तो दोष वाटे. वाजवणाऱ्यांना तोच आवडला, आणि आता डिजिटल यंत्रांत ती टकटक मुद्दाम घालतात. दोष आणि गोडवा यांत अंतर किती, कोण सांगणार?

आजच्या कीबोर्डात बहुधा पट्टीखाली रबराची टोपी असते आणि तिच्यात कार्बनचे दोन ठिपके. पट्टी खाली जाताना एक आधी टेकतो, दुसरा नंतर. मधला वेळ यंत्र मोजतं. वेळ कमी तर फटका जोराचा, म्हणून आवाज मोठा. ही पियानोची रीत झाली. पेटी-ऑर्गनला ती लागू नाही, हे वर सांगितलंच. म्हणून ऑर्गनचा आवाज निवडला की 'टच' बंद ठेवावा. नाहीतर तानेतला एक सूर ओरडतो, दुसरा कुजबुजतो. चांगल्या यंत्रात सूर पहिल्याच संपर्कावर सुटेल अशी सोय असते. तिने पट्टी किंचित दबताच सूर मिळतो आणि जलद तान हाताला हलकी जाते. सस्टेन तर नाट्यगीताला वैरीच. गायिका 'सा'वर येऊन थांबली आणि मागे 'नी' अजून लोंबकळतोय, हे ऐकवत नाही. सस्टेन शून्यावर, आणि 'रिलीज' नावाचं माप असेल तर तेही अगदी थोडं. आधार हवा असेल तर तो बोटाने धरावा, बटणाने नव्हे.

आमच्या मुळशीत या सगळ्याला पावसाची जोड आहे. ताम्हिणीच्या बाजूला पाऊस लागला की लाकडी पेटीच्या पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात, बोट उचललं तरी सूर चालू राहतो. म्हणजे फुकटचं सस्टेनच! कीबोर्डचंही सुटत नाही. ओल आणि धूळ संपर्कावर बसली की एखादी पट्टी मुकी होते, किंवा कशीही दाबा, भसकन ओरडते. तेव्हा कारागीर उघडून रबर आणि ठिपके पुसतो, बहुधा तेवढ्यानं भागतं. याच खोऱ्यात १९२१ ते १९२४ सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. तरी धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली, आणि १९२७ पासून त्या पाण्याची वीज भिऱ्याहून मुंबईकडे गेली. वर सरकलेल्या वाड्यांवर भजनं कंदिलाच्या उजेडात आणि पेटीवर होत राहिली. आता मंडळांकडे कीबोर्ड असतो. श्रावणात रात्री वीज जाते, तेव्हा कुणीतरी उठून माळ्यावरची पेटी काढतो, पट्ट्या फडक्याने पुसतो आणि काळी दोन धरून भाता मारायला लागतो.