नापी (लिनक्स)

नापी ही लिनक्स कर्नलमधील, नेटवर्क कार्डावर आलेली पॅकेट स्वीकारून पुढील प्रक्रियेकडे सोपवण्याची पद्धत आहे. वाहतूक कमी असताना इंटरप्टवर अवलंबून राहणे आणि ती वाढताच इंटरप्ट बंद करून कार्डाची रांग स्वतःहून तपासणे, म्हणजेच पोलिंग करणे, हे तिचे मुख्य तत्त्व होय. हे नाव मुळात ‘न्यू एपीआय’ या शब्दांवरून पडले. या पद्धतीला आता दोन दशके उलटून गेली असून कर्नलच्या दस्तऐवजांत हे नाव कशाचेही लघुरूप मानले जात नाही.

पार्श्वभूमी

जुन्या रचनेत प्रत्येक पॅकेट आले की कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट पाठवत असे. प्रोसेसर हातातले काम थांबवून पॅकेट उचलत असे, ते एका रांगेत ठेवत असे आणि पूर्वीच्या कामाकडे परतत असे. संथ जाळ्यावर ही व्यवस्था पुरेशी होती. इथरनेटची सर्वांत लहान चौकट ६४ बाइटची असते. तिच्या आधीचे संकेत व दोन चौकटींमधील सक्तीचे अंतर धरून ती तारेवर ८४ बाइटची जागा घेते. त्यामुळे १ गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून सेकंदाला सुमारे १४.८८ लाख पॅकेट येऊ शकतात आणि प्रत्येकासाठी ६७२ नॅनोसेकंद मिळतात. १० गिगाबिटवर हा अवधी ६७.२ नॅनोसेकंदांवर येतो.

असा भार इंटरप्टवर सोपवल्यास उद्भवणाऱ्या स्थितीला ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ म्हणतात. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात तिचे सविस्तर विवेचन केले. इंटरप्टला इतर सर्व कामांपेक्षा अग्रक्रम असल्यामुळे प्रोसेसर पॅकेट उचलण्यातच गुंतून पडतो. उचललेली पॅकेट पुढे नेणाऱ्या कामाला वेळच मिळत नाही, रांग भरते आणि नवी पॅकेट टाकून द्यावी लागतात. टाकून दिलेल्या प्रत्येक पॅकेटवर तोवर श्रम खर्ची पडलेले असतात. यंत्र पूर्ण क्षमतेने राबत असते, मात्र त्यातून बाहेर काहीच पडत नाही. लहान पॅकेटांचा मारा करून एखादा सर्व्हर किंवा राउटर निकामी करणे त्यामुळे सोपे होते.

इतिहास

जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सेई कुझनेत्सोव यांनी २००१ मध्ये ओकलंड येथे भरलेल्या लिनक्स परिषदेत ‘बियाँड सॉफ्टनेट’ या निबंधाद्वारे नापीची मांडणी केली. २.५ या विकासमालिकेतून ती २.४.२० या आवृत्तीतही आणण्यात आली. सुरुवातीला एका कार्डाला एकच रांग गृहीत धरलेली होती. अनेक रांगांची कार्डे आल्यावर २.६.२४ मध्ये प्रत्येक रांगेसाठी नापीची स्वतंत्र नोंद ठेवण्याची सोय झाली.

कार्यपद्धती

कार्ड पॅकेट थेट स्मृतीतील वर्तुळाकार रांगेत लिहिते आणि पहिल्या पॅकेटसाठी इंटरप्ट देते. ड्रायव्हर त्या रांगेचे पुढील इंटरप्ट बंद करतो, तिचे नाव पोलिंगच्या यादीत घालतो आणि लगेच मोकळा होतो. त्यानंतर कर्नल सवडीने ड्रायव्हरच्या पोल फंक्शनला बोलावते. एका खेपेस उचलायच्या पॅकेटांवर मर्यादा असते. ती सहसा ६४ असते. याहून कमी पॅकेट निघाली तर रांग रिकामी झाली असे समजून इंटरप्ट पुन्हा सुरू केले जातात. मर्यादेइतकी पॅकेट निघाल्यास इंटरप्ट बंदच राहतात आणि रांगेची पाळी पुन्हा येते. सर्व रांगा मिळून एका फेरीत सामान्यतः ३०० पॅकेटांची, तसेच वेळेचीही मर्यादा असते. उरलेले काम केसॉफ्टआयआरक्यूडी या कर्नल थ्रेडकडे जाते आणि इतर प्रक्रियांना प्रोसेसरचा वाटा मिळत राहतो.

भार असह्य झाल्यास कार्डाची रांग भरते आणि नवी पॅकेट कार्डच टाकून देते. नुकसान टळत नाही, परंतु त्यापायी प्रोसेसरचा वेळ खर्च होत नाही. नापीचा खरा लाभ येथे आहे. शिवाय एका वेळी एकच प्रोसेसर एका रांगेचे पोलिंग करत असल्याने, अनेक प्रोसेसरच्या यंत्रांवर पॅकेटांचा क्रम बिघडण्याचा पूर्वीचा दोषही दूर झाला.

रांग रिकामी असल्याची खात्री आणि इंटरप्ट पुन्हा सुरू होणे यांमधील क्षण नाजूक असतो. नेमके तेव्हाच आलेले पॅकेट, त्यानंतर दुसरे येईपर्यंत, कोणाच्याही लक्षात न येता पडून राहू शकते. म्हणून काही कार्डांच्या ड्रायव्हरला इंटरप्ट सुरू केल्यावर रांग पुन्हा एकदा पाहावी लागते.

मर्यादा व मापन

वाहतूक विरळ असताना नापीचा फायदा होत नाही; इंटरप्ट बंद-चालू करण्याचा थोडा खर्च मात्र वाढतो. कार्डातच काही पॅकेट साठवून एकत्रित इंटरप्ट देण्याची सोय वापरल्यास तो कमी होतो, पण विलंब वाढतो.

प्रॉक फाइलव्यवस्थेतील सॉफ्टनेट_स्टॅट या फाइलचा तिसरा स्तंभ, काम शिल्लक असताना मर्यादा किती वेळा संपली हे दाखवतो. तो झपाट्याने वाढत असल्यास नेटडेव्ह_बजेट वाढवणे उपयुक्त ठरू शकते. नेटडेव्ह_मॅक्स_बॅकलॉग वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र ती रांग नापी न वापरणाऱ्या ड्रायव्हरसाठी किंवा पॅकेट इतर प्रोसेसरांवर वाटून दिली जात असतानाच कामी येते, एरवी त्या बदलाने काहीच साधत नाही.

पुढील विकास

लहान पॅकेट जोडून एकत्र पुढे पाठवणारी जीआरओ ही सोय २.६.२९ मध्ये नापीवरच उभारली गेली. ३.११ पासून विलंब टाळू पाहणारा प्रोग्राम स्वतःच पोलिंग घडवून आणू शकतो. ५.१२ पासून पोलिंग स्वतंत्र कर्नल थ्रेडमध्येही चालवता येते.