रानाचा चौथा हिस्सा

मृत्युपत्र म्हटलें म्हणजे घर, जमीन, दागदागिने आणि आप्तेष्टांचीं नांवें डोळ्यांपुढें येतात. १९३९ सालच्या नोव्हेंबरांत वॉशिंग्टनहून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या आगगाडींत, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षीं मरण पावलेल्या रॉबर्ट मार्शल यांच्या मृत्युपत्रांत मात्र एक वांटेकरी निराळाच होता. सुमारें १५ लाख डॉलरांच्या मिळकतीचा चौथा हिस्सा त्यांनीं रानाच्या रक्षणासाठीं ठेवला होता.

मार्शल हे अमेरिकेच्या वनखात्यांतील अधिकारी. १९२९ सालीं ते प्रथम उत्तर अलास्कांत गेले, आणि पुढच्याच वर्षीं परतून कोयुकुक नदीच्या खोऱ्यांतील वाइजमन या खेड्यांत वर्षभर राहिले. वृक्षांच्या वाढीचा अभ्यास हें निमित्त. परंतु हिंवाळ्याच्या दीर्घ रात्रीं सोनें शोधणारे वृद्ध खाणकरी आणि तेथील इनुपिआक रहिवासी यांच्या शेकोटीपाशीं बसून त्यांनीं ज्या गोष्टी ऐकल्या, त्यांतून 'आर्क्टिक व्हिलेज' हा ग्रंथ १९३३ सालीं जन्मास आला. तो पुष्कळ खपला. लेखक म्हणून मिळालेल्या रकमेचा निम्मा भाग मार्शल यांनीं त्या गांवकऱ्यांना वांटून दिला. गोष्ट ज्याची, त्याचा तिच्या मोलावर हक्क आहे, असा हा न्याय होता.

१९३५ सालीं आल्डो लिओपोल्ड प्रभृति सहकाऱ्यांसह त्यांनीं 'वाइल्डरनेस सोसायटी' स्थापन केली. त्यांच्या पश्चात् मृत्युपत्रांतील निधीनें या संस्थेला दीर्घकाळ आधार दिला. संस्थेचे चिटणीस हॉवर्ड झानाइझर यांनीं वनरक्षणाच्या कायद्याचा मसुदा लिहिला. पण १९६४ च्या मे महिन्यांत ते वारले. ३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं त्या कायद्यावर सही केली, आणि ९१ लाख एकर रान एकदम सुरक्षित झालें.

तथापि या विजयांत एक अवघड प्रश्न दडलेला होता. कायद्यानें मनुष्याला रानांतील केवळ पाहुणा ठरविलें. परंतु पिढ्यान्‌पिढ्या त्याच खोऱ्यांत कॅरिबूंची शिकार करून जगलेल्या माणसांना पाहुणे कसें म्हणावें? मार्शल यांना जो प्रदेश अस्पृष्ट भासला, तो त्यांच्या शेजाऱ्यांचा परसू होता. शेकोटीपाशीं ऐकलेल्या गोष्टी हेंच तर सांगत होत्या.

१९८० सालच्या अलास्काविषयक कायद्यानें याचें अंशतः उत्तर दिलें. मार्शल यांनीं दोन शिखरांमधल्या खिंडीला दिलेलें 'गेट्स ऑफ द आर्क्टिक' हें नांव त्या वर्षीं राष्ट्रीय उद्यानाला मिळालें, आणि स्थानिक रहिवाशांचा निर्वाहापुरत्या शिकारीचा हक्कही मान्य झाला. पुस्तकाची रक्कम वांटतांना मार्शल यांनीं जो न्याय पाळला होता, तो रानाच्या बाबतींत राज्यकर्त्यांना उमगण्यास जवळजवळ अर्धें शतक लागलें.