आप्पांची जीप आणि छांबची लढाई

एरवी आपण या कार्यक्रमात बचत, कर्जफेड, बेदाणे आणि मसाल्यांवर बोलतो. आज आम्ही तिघी बहिणी आमच्या घरची एक गोष्ट सांगणार आहोत. ती घरची आहे, तशीच इतिहासाचीही आहे.

निफाड तालुक्यात आमच्या घराच्या पडवीला एक जुनी जीप पंधरा वर्षे बंद उभी होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आप्पा गेल्यावर भंगारवाला आला आणि किलोवर भाव सांगू लागला. आई म्हणाली, "तिघींनी मिळून ठरवा." जीप दुरुस्त करायची, असं आम्ही ठरवलं. गटाच्या पैशाला हात लावला नाही. तिघींनी आपापल्या बचतीतून वर्गणी काढली.

आमचे आप्पा तोफखान्यात वाहनचालक होते. १९६८ साली नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात भरती झाले आणि १९८३ साली निवृत्त होऊन घरी आले. १९८६ मध्ये लष्कराने लिलावात काढलेली ही जीप त्यांनी घेतली. तिच्यातून द्राक्षांचे क्रेट गेले, टोमॅटो पिंपळगावच्या बाजारात गेला, अडलेल्या बायका रात्री-अपरात्री दवाखान्यात गेल्या. "याच जीपने आप्पा एकाहत्तरची लढाई लढले," असं गावात सगळे म्हणायचे. आम्हीही शाळेत तेच सांगायचो. आप्पा 'हो' म्हणायचे नाहीत आणि 'नाही'ही म्हणायचे नाहीत.

जीपचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे ही गाडी इथेच बनू लागली. आमची जीप त्याच घराण्यातली. जुन्या लढाईतल्या विलिसच्या तोंडाला नऊ खाचा असतात, आमच्या जीपला सात. इंजिन उंच असल्यामुळे हिचं बॉनेटही उंच. पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली, आणि गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या. एक पुढची चाकं जोडायला, दुसरी चिखल-चढासाठी.

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका कामाला आले. कार्बोरेटर, ब्रेक, रेडिएटर, कुजलेला तळाचा पत्रा, एकेक करत सात महिने गेले. रंग खरवडण्याचं काम आम्ही बहिणींनी घेतलं. वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली लष्कराचा हिरवा. पुढच्या बंपरवर एक उभा बाण दिसला आणि बाणापुढे आकडा होता, ७४.

काका थांबले. म्हणाले, "पोरींनो, लष्कराच्या नंबरात बाणापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी घेतल्याचं साल." मग ७४ सालची गाडी ७१ च्या लढाईत कशी असेल?

त्या रात्री आम्ही तिघी गप्प होतो. फलक कसा लिहायचा हेही ठरलं होतं: 'युद्धात लढलेली जीप'. आता काय लिहायचं? आई म्हणाली, "मला ठाऊक होतं. गावाला आवडायचं, म्हणून ते काही बोलले नाहीत. पेटी उघडा."

पत्र्याच्या पेटीत डिस्चार्ज बुक होतं. त्यात दोन पदकांची नोंद होती, संग्राम मेडल आणि पश्चिमी स्टार. सिन्नरला आप्पांचे एक जुने सोबती आहेत. त्यांनी बाकीचं सांगितलं. आप्पा छांबला होते.

१६ डिसेंबरला आपण विजय दिवस साजरा करतो. ढाक्यात पाकिस्तानच्या सुमारे ९३ हजार लोकांनी शरणागती पत्करली. ते पूर्वेला. पश्चिमेला छांबमध्ये वेगळं घडलं. ३ डिसेंबरच्या रात्री तिथे तोफांचा भडिमार आणि मोठा हल्ला झाला. तीन दिवसांच्या घनघोर लढाईनंतर आपल्या सैन्याला मुनव्वर तवी नदीच्या पूर्व काठावर मागे यावं लागलं. १० डिसेंबरला शत्रूने नदी ओलांडली, तेव्हा मात्र आपल्या जवानांनी त्याला परत हटवलं. नदीचा तो काठ राखला गेला. पण १९७२ च्या सिमला करारानंतरही छांब पाकिस्तानकडेच राहिलं.

तोफा मागे असतात. गोळा कुठे पडतो हे पाहणारा अधिकारी पायदळाबरोबर पुढे असतो. त्याला आणि त्याच्या वायरलेसला नेणारी जीप आप्पा चालवत. रात्री दिवे न लावता, काच चमकू नये म्हणून ती पुढे पाडून, कापडात गुंडाळून. सोबती म्हणाले, "नदीवरून मागे येताना त्याच्या गाडीत चार जखमी होते. चौघांतले दोघेच जगले." दर विजय दिवसाला आप्पा लवकर जेवून शेतात का जायचे, ते आम्हाला तेव्हा कळलं.

आईचीही त्यात एक बाजू आहे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पत्त्यावर फक्त '५६ एपीओ', गावाचं नाव नाही. शेजारच्या वाड्यात रेडिओ होता, तिथे ती रोज संध्याकाळी उभी राहायची. छांबचं नाव ऐकलं, पण नवरा तिथेच आहे हे तिला जानेवारीत पत्र आल्यावर कळलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिला पदक नाही.

जीपला हिरवा रंग द्यावा असं अनेकांनी सुचवलं. तो देता येत नाही. मोटार वाहन नियमांप्रमाणे तो लष्करी हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आम्ही आप्पांचाच पांढरा दिला. बंपरवरचा बाण आणि ७४ यांचा फोटो काढून ठेवला. फलकावर लिहिलं: 'ही जीप युद्धात नव्हती. तिचे मालक होते. छांब, डिसेंबर १९७१.' खाली आईचं नाव घातलं. ती नको म्हणत होती.

पहिल्या फेरीला आई पुढे बसली. तिने काच खाली पाडायला सांगितली आणि वाऱ्यात डोळे मिटून घेतले.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी पेटी असेल. डिस्चार्ज बुक, पदक, जुनी पत्रं असतील तर जपून ठेवा. माजी सैनिकाच्या पत्नीची काही अडचण असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ती कागदपत्रं घेऊन जा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, "तेव्हा तू कुठे होतीस?" ती सांगेल ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. आम्ही आप्पांना विचारायला उशीर केला. आईला विचारायला मात्र वेळेवर पोचलो.