मध्यंतर: चित्रपटगृहातील खाण्याचा इतिहास

चित्रपटाचा इतिहास आपण सहसा दिग्दर्शक, नट आणि गाजलेले चित्रपट यांच्या आधारे शिकतो. या पाठात तोच इतिहास आपण प्रेक्षकाच्या हातातल्या पुडीकडे पाहून वाचणार आहोत. चित्रपट पाहताना लोक काय खातात, हे फक्त आवडीवर ठरत नाही. खेळ कुठे होतो, तो किती वेळ थांबतो आणि आत विक्री करण्याचा हक्क कोणाकडे आहे, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली घेतली आहेत. ती तुमच्या गावाशी ताडून पाहा.

१. आरंभीचे खेळ

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. तिकीट एक रुपया होते, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. पण थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले आणि दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवले गेले. हॉटेलातून नाट्यगृहात येताच सिनेमाला नाटकाचा प्रेक्षक मिळाला. त्या प्रेक्षकाला अंकांमध्ये उठून बाहेर जायची, चहा घ्यायची, काहीतरी खायची सवय होती. मराठी नाट्यगृहांत ही सवय आजही टिकून आहे. ठाण्याच्या गडकरी रंगायतनचा किंवा पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचा बटाटेवडा आठवून पाहा.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेव्हाही चित्रपटाला जोडून नृत्य आणि कसरतीचे कार्यक्रम होते. एकच प्रक्षेपक असेल तिथे रीळ बदलताना खेळ थांबवावा लागे. पुढे दोन प्रक्षेपक आले आणि तांत्रिक गरज संपली, तरी आपल्याकडे मध्यंतर राहिले. लांब चित्रपट हे त्याचे एक कारण आणि मध्यंतरातली विक्री हे दुसरे.

२. तंबू आणि टॉकीज

फिरत्या सिनेमाचे तंबू जत्रेत लागत. तिथे सिनेमावाला पडदा आणि प्रक्षेपक आणी, खाणे मात्र जत्रेचेच असे: भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे, भजी, शेव. २०१६ सालच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातल्या अशा तंबूंचा शेवटचा काळ पाहायला मिळतो.

पक्क्या इमारतीत चित्र बदलले. टॉकीजमध्ये कँटीन आले आणि समोसा, बटाटेवडा, वेफर्स, चहा, बाटलीतले थंड पेय मिळू लागले. तरीही दाराबाहेर गाडी लावणारा भेळवाला किंवा शेंगदाणेवाला या व्यवस्थेचा भागच होता. म्हैसूरच्या रस्त्यावरची चुरमुरी आणि कोल्हापूरची भेळ या दोन्हींचा आधार चुरमुराच. पदार्थ स्वस्त, कोरडा आणि कागदाच्या पुडीत मावणारा असल्यामुळे गर्दीत उभ्याने खाता येतो. थिएटरबाहेर असेच पदार्थ का खपले, याचे उत्तर त्यांच्या चवीइतकेच या सोयीत आहे.

३. पॉपकॉर्नचा धडा

पॉपकॉर्न आणि सिनेमा यांची जोडी मुळातली आहे, असे आपल्याला वाटते. अमेरिकेतही तसे नव्हते. गालिचे अंथरलेल्या आलिशान चित्रगृहांना सुरुवातीला पॉपकॉर्न नकोच होते. ते दाराबाहेर गाडीवर विकले जाई. १९३० च्या दशकातील महामंदीत मालकांना उत्पन्नाची गरज पडली. काहींनी आधी फेरीवाल्यांकडून पैसे घेऊन त्यांना जागा दिली, मग स्वतःच यंत्रे बसवली. रस्त्यावरचा धंदा असा आत आला आणि रस्त्यावरचा विक्रेता बाहेरच राहिला.

भारतात हीच गोष्ट मल्टिप्लेक्सबरोबर घडली. १९९७ साली दिल्लीच्या साकेत भागात पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले. पुढे महाराष्ट्रानेही करमणूक करात सवलत देऊन मल्टिप्लेक्सना उत्तेजन दिले. यामागचे अर्थकारण नीट समजून घ्या. तिकिटाच्या पैशात वितरकाचा मोठा वाटा असतो. खाद्यपदार्थांच्या विक्रीत त्याला वाटा नसतो. म्हणूनच दारावर पिशव्या तपासल्या जातात आणि घरचा डबा आत नेता येत नाही.

४. डब्याचा वाद

२०१८ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने बाहेरचे खाणे आत नेता येईल, असे विधिमंडळात सांगितले. पण ऑगस्टमध्ये न्यायालयापुढे सुरक्षेचे कारण देऊन हस्तक्षेपाची गरज नसल्याची भूमिका घेतली. जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच अशी बंदी उठवली होती. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता आहे, त्यामुळे मालक अटी घालू शकतो आणि प्रेक्षक तिथले खाणे विकत न घेण्यास मोकळा आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पिण्याचे शुद्ध पाणी मात्र मोफत द्यावे लागेल आणि तान्ह्या मुलांचे खाणे पालकांना आत नेता येईल.

कायद्याचा प्रश्न इथे मिटला. इतिहासाचा प्रश्न उरतोच. चार आण्यांच्या तिकिटाने सिनेमा सर्वांचा झाला होता. आज चार जणांच्या कुटुंबाला तिकिटाबरोबर खाण्याचाही हिशेब करावा लागतो आणि त्या हिशेबात कोण घरी राहते, हे कुठल्याही तिकीटविक्रीच्या आकड्यात दिसत नाही.

स्वाध्याय

तुमच्या गावातले एखादे चालू किंवा बंद पडलेले चित्रपटगृह निवडा. तिथे काम केलेल्या किंवा नियमित जाणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला विचारा: मध्यंतर किती वेळाचे असे? आत काय मिळे, बाहेर काय मिळे? स्त्रिया खाण्यासाठी बाहेर येत, की कोणी त्यांना जागेवर आणून देई? घरचा डबा चालत असे का? मिळालेली उत्तरे सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. शेंगदाण्यांच्या पुडीची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, म्हणून या विषयाचे सर्वांत मोठे साधन ही माणसेच आहेत.