जागतिक मूत्रपिंड दिन

जागतिक मूत्रपिंड दिन हा मूत्रपिंडांच्या आरोग्याविषयी जनजागृती करण्यासाठी दरवर्षी मार्च महिन्यातील दुसऱ्या गुरुवारी पाळला जाणारा आंतरराष्ट्रीय दिन आहे. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी आणि इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ किडनी फाउंडेशन्स या दोन संस्थांच्या संयुक्त उपक्रमातून २००६ साली त्याची सुरुवात झाली. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे निदान वेळीच व्हावे, हा या दिनामागील प्रमुख उद्देश आहे.

पार्श्वभूमी

मूत्रपिंडांच्या रचनेत किंवा कार्यात निर्माण झालेला बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास त्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. जगातील सुमारे १० टक्के लोकसंख्येला हा विकार असल्याचा अंदाज आहे. मधुमेह व उच्च रक्तदाब ही त्याची दोन प्रमुख कारणे होत.

मूत्रपिंडांची राखीव क्षमता मोठी असते. त्यामुळे कार्यक्षमता बरीच घटेपर्यंत रुग्णाला सहसा कोणताही त्रास जाणवत नाही. पायांवर सूज, थकवा, भूक मंदावणे, मळमळ ही लक्षणे बहुधा उशिरा दिसतात. तोपर्यंत झालेली हानी सहसा भरून येत नाही. म्हणूनच या विकारात लक्षणांची वाट न पाहता तपासणी करण्यास विशेष महत्त्व आहे.

निदान

प्राथमिक निदानासाठी दोन साध्या चाचण्या पुरेशा ठरतात.

• रक्तातील क्रिएटिनिन : या मूल्यावरून, वय व लिंग लक्षात घेऊन, मूत्रपिंडांचा अंदाजित गाळणदर काढला जातो. तो दर मिनिटाला ६० मिलिलिटरपेक्षा कमी राहिल्यास विकाराची शक्यता असते. १५ पेक्षा कमी दर ही अंतिम अवस्था मानली जाते. स्नायू कमी असलेल्या व्यक्तींमध्ये केवळ क्रिएटिनिनचा आकडा फसवा ठरू शकतो.
• लघवीतील अल्ब्युमिन : हे प्रथिन लघवीवाटे जाणे हे मूत्रपिंडाच्या हानीचे आरंभीचे चिन्ह असू शकते. गाळणदर घटण्यापूर्वीही ते आढळते.

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा लठ्ठपणा असलेल्या, तसेच कुटुंबात मूत्रपिंडविकाराचा इतिहास असलेल्या व्यक्तींनी या चाचण्या नियमित कराव्यात, असे सुचवले जाते. निदान लवकर झाल्यास रक्तदाब व रक्तशर्करेवर नियंत्रण, आहारातील मीठ कमी करणे, वेदनाशामक औषधे वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ न घेणे आणि योग्य औषधोपचार यांमुळे विकाराची वाढ मंदावता येते.

वार्षिक विषय

या दिनासाठी दरवर्षी एक विषय निश्चित केला जातो. २०१२ साली मूत्रपिंडदान, २०१४ साली वार्धक्य, २०१६ साली लहान मुलांमधील मूत्रपिंडविकार, तर २०१७ साली लठ्ठपणा हे विषय होते. २०१८ साली हा दिन ८ मार्च रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला दिनीच आल्याने स्त्रियांचे आरोग्य हा विषय निवडण्यात आला. तपासणी शिबिरे, व्याख्याने व पदयात्रा हे या दिवशीचे नेहमीचे कार्यक्रम होत.

भारतातील स्थिती

अंतिम अवस्थेतील रुग्णापुढे डायालिसिस किंवा प्रत्यारोपण हे मुख्य पर्याय उरतात. रक्ताचे डायालिसिस साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास करावे लागते. उपचार मोफत मिळाले तरी प्रवास व बुडणारी मजुरी यांचा भार कुटुंबावर पडतो. २०१६ साली केंद्र शासनाने प्रधानमंत्री राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम जाहीर केला. त्यानुसार जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सेवा मोफत देण्याची तरतूद आहे. प्रत्यारोपणाचे नियमन १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार होते. महाराष्ट्रात मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांमार्फत केले जाते.

आंतरराष्ट्रीय दखल

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडांच्या आरोग्याविषयी ठराव संमत केला. मूत्रपिंडविकाराचा प्रतिबंध, लवकर निदान व उपचार यांना राष्ट्रीय आरोग्य धोरणांत स्थान देण्याचे आवाहन त्यात सदस्य राष्ट्रांना करण्यात आले.