मुक्तस्रोत इनाम-शोधक

मुक्तस्रोत प्रकल्पांतील ज्या कामांवर रोख इनाम जाहीर झाले आहे, ती एका जागी गोळा करून दाखवणारे सॉफ्टवेअर. कोड साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरच्या असंख्य प्रलंबित नोंदींतून अशी कामे हाताने निवडणे जिकिरीचे असते. शोधक ‘बाउंटी’ हे लेबल आणि डॉलरमधील रक्कम हेरून यादी लावतो.

गिटहबची शोधसेवा एका शोधाला जास्तीत जास्त १,००० निकाल देते. म्हणून तारखांचे टप्पे पाडून शोध घ्यावा लागतो. काम आधीच कोणी पूर्ण केले आहे का, हेही तपासणे अत्यावश्यक ठरते, नाहीतर होतकरू प्रोग्रामरची मेहनत पाण्यात जाते.

अशा इनामांची प्रथा जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आपल्या पुस्तकातील चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा धनादेश देत. नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९५ मध्ये दोष शोधणाऱ्यांसाठी बक्षिसे जाहीर केली. पुढे बाउंटीसोर्स, गिटकॉइन (२०१७) आणि अल्गोरा ही इनामांची व्यासपीठे उभी राहिली.

मुक्तस्रोत कामाला मोबदला देण्याचे महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ प्रकल्पाचे. पाठ्यपुस्तकातील सोडवलेली उदाहरणे सायलॅब या मुक्तस्रोत गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून देणाऱ्या विद्यार्थ्यांना या प्रकल्पातून मानधन आणि प्रमाणपत्र मिळत आले आहे. तपासलेला कोड सर्वांसाठी खुला केला जातो.